शैलजाच्या टेबलावरचा ढग

सोम. ४ फेब्रु.
घात झाला. माझं कापायचं टेबल कापडांनी भरलेलं, म्हणून सूनबाईच्या शिसवी टेबलावर घोंगडी दुमडून टाकली, वर ओला फडका, आणि गिऱ्हाइकाची पँट इस्त्रीने दाबली. घोंगडी उचलली तर पॉलिशवर परातीएवढा पांढरा ढग. शैलजा माहेरी शिमोग्याला. गुरुवारी येणार. तिचे वडील, अण्णा, गेल्यावर भावांकडून तिने त्यांचं हे टेबल एवढंच मागून आणलं. कुठल्या तोंडाने...

मंगळ. ५
कापडाला इस्त्रीची चकाकी आली तर ओल्या फडक्यावरून वाफ देतो आम्ही, निघून जाते. तेच केलं. ढग दुप्पट. ही म्हणाली, "अहो, लाकूड आहे ते, गॅबर्डिनचं कापड नव्हे." वर हसली. मुलगा प्रकाश संध्याकाळी हेब्बाळहून कामावरून यायच्या आत टेबलावर चादर घातली.

बुध. ६
मार्केटजवळच्या रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "लाखेच्या पॉलिशमधे ओल अडकली, अज्जा. स्पिरिटचा बोळा हलका फिरवा. मधे थांबलात की चिकटला." मलमलीत कापूस बांधला. तेवढं तरी येतं. आधी काहीच नाही. मग ढग कडेने विरायला लागला आणि खालून लाकूड वर आलं. काय लिहू! जांभळट काळ्या रेघा, मधे तांबूस, मान हलवली की त्याही हलतात. जन्मभर म्हैसूरचं रेशीम कापलं, अशी झळाळी कुठल्या ठाणावर पाहिली नाही. झाड कधीच तुटलं, आत हे चालूच. हिला हाक मारली. तीही पदराला हात पुसत टेबलावर वाकली. मग राहवेना. सगळ्या टेबलावर लाखेचा हात दिला, काठासकट.

गुरु. ७
शैलजा आली. इस्त्रीपासून सगळं सांगून टाकलं. ती टेबलावरून हात फिरवत उजव्या काठाशी थांबली.
"मामा, इथं जरा फिकं होतं ना?"
"होतं. झिजलं होतं. तेही नीट केलं."
"अण्णा लिहिताना मनगट टेकायचे तिथं."
अय्यो. मला कसं कळावं? पण विचारायला काय झालं होतं?
ती म्हणाली, "फार सुंदर दिसतंय, मामा." आवाजावरून काही कळेना.

रवि. १०
प्रकाश म्हणतो वर काच घालू, पॉलिश टिकेल. मी माप घ्यायला टेप काढली. शैलजा म्हणाली, "साकु, पुरे आता. काच नको." चादरही घडी करून कपाटात टाकली. दुपारी शाळेच्या वह्या तपासायला तिथंच बसली. मनगट उजव्या काठाशी, उघड्या लाकडावर. घामाने लाख जाईल, असं अगदी ओठावर आलं होतं. खिडकीतून ऊन आलं आणि त्या रेघा तिच्या हाताखालून वाहत निघाल्या, काठापर्यंत. मी टेप हातात धरून दारात उभा. तिने वर पाहिलं नाही.