सासूबाईंच्या बडबडीवर पास

तीर्थस्वरूप आईंच्या पायांवर डोकं ठेवून (गुडघा सुजलाय असं कळलं, तेव्हा अगदी हलकेच ठेवून) तुमच्या सुनेचा नमस्कार. गुडघ्याला शेक घेताय ना? की गरम पाण्याची पिशवी भरून, ती भरल्याचं साऱ्या घराला सांगून, तशीच विसरून जाता? चिमणी त्रास देते का? देत असेल तर देऊ द्या, तिची आई इतकी दूर परदेशात येऊन बसलीय त्याला ती बिचारी काय करणार. तर आई, मी पास झाले. हे फोनवर सांगितलंच होतं, पण कशी झाले ते सांगायची हिंमत झाली नाही. कारण त्यासाठी आधी तुमची माफी मागायला हवी, आणि फोनवर तुम्ही मला तेवढी जागाच ठेवत नाही.

तुम्हाला वाटत असेल, एकोणीस वर्षं वॉर्डात काढलेल्या नर्सची आता कसली परीक्षा घ्यायची. मलाही तसंच वाटलं होतं. लेखी पेपर मी सहज सोडवला. राहिली प्रात्यक्षिकं. दहा खोल्या, प्रत्येकीत आठ मिनिटं, घंटा वाजली की पुढची खोली. कुठे पलंगावर रबरी बाहुला, कुठे पोट दुखल्याचं सोंग करायला बसवलेला माणूस (माझ्या वाट्याला एक निवृत्त पोस्टमन आला, कण्हायचा मात्र अगदी मन लावून), आणि कोपऱ्यात हातात यादी घेतलेल्या परीक्षक बाई. चाळीस खाटांना एकटी पुरणारी मी, तीन मिनिटांत सगळं आटोपलं आणि उरलेली पाच मिनिटं चादरीच्या सुरकुत्या काढत बसले. महिन्याने निकाल आला, नापास. हात धुतले नाहीत. रुग्णाचं नाव विचारलं नाही. ॲलर्जी कशाची ते पाहिलं नाही. अहो आई, मी हात चांगले चोळून धुतले होते, मनगटावरची पट्टी दोनदा वाचली होती! पण इथे म्हणे, तोंडाने सांगितलं नाही ते केलंच नाही. आणि आमच्या मेट्रनबाईंनी तर हात चालवा, जीभ नको, हे आमच्याकडून घोटून घेतलेलं.

संधी दोनच. दुसरीही गेली की सामान बांधायचं. तोवर मी वृद्धाश्रमात मदतनीस. खाटा करायच्या, भरवायचं, अंग पुसायचं, पण तापाची साधी गोळी द्यायची झाली तरी बेल दाबून चोवीस वर्षांच्या नर्सला बोलवायचं (पोरगी गुणी आहे, पण शीर शोधताना तिचा जीव जातो आणि बघताना माझा). शिवाय इथे नर्स म्हणून नोंदणी नाही तोवर घरच्यांना इकडे आणायची परवानगी नाही. दीड वर्ष झालं, चिमणीचे दात पडलेलेसुद्धा मी फोनवरच पाहिले. खोलीतल्या मैत्रिणीला आडवी पाडून सराव करायचे, तर हात झरझर चालायचे आणि तोंडातून शब्द फुटायचा नाही. तिला वाटायचं, मी तिच्यावर रागावलेय.

मग एका रविवारी तुमचा फोन आला. बोलता बोलता तुम्ही फोन ओट्यावर ठेवलात आणि नेहमीसारख्या सुरू झालात. आता मी गॅस बारीक करते. झाकण काढते हं. हात धुऊन घेते. मग कुंडीतल्या रोपाला, पाणी घालते हं, गार लागेल. मग चिमणीला, डोळे मीट, डोक्यावर पाणी ओततेय, मिटलेस? ओतू? मी ताडकन उठून बसले. परीक्षक बाईंच्या हातातली यादी ती हीच! तेव्हापासून दर रविवारी मी फोन करून गप्प बसायचे आणि तुमचं एकेक वाक्य त्यांच्या भाषेत वहीत उतरवायचे. तुम्हाला वाटलं, सुनेला घराची ओढ लागली. तीही होतीच. आता माफीचं सांगते. घरी असताना तुमचं हे सुरू झालं की मी मिक्सर लावायचे. मिक्सरमध्ये पुष्कळदा काहीच नसायचं. अशी अकरा वर्षं काढली. (तो जळला तेव्हा तुम्ही दुकानदाराला उगाच बोललात.)

दुसऱ्या वेळी खोलीत शिरले ती तुम्ही होऊनच. हात धुते, आता बोटांच्या मधे धुते. तुमचं नाव सांगा, जन्मतारीख सांगा. नळी छातीला लावते, गार लागेल हं. बाहुल्याने हूं की चूं केलं नाही, तरी मी थांबले नाही. त्याच पोस्टमनचं पोट दाबण्याआधी दाबू का म्हणून तीनदा विचारलं, शेवटी तो कण्हायचं विसरून म्हणाला, बाई, दाबा एकदाचं. घंटा वाजल्यावरही, आता मी जाते, दार हळूच ओढते, असं सांगूनच बाहेर पडले. निकालावर शेरा आहे, रुग्णाशी संवाद अतिशय चांगला. तुमच्या चिरंजीवांना दाखवू नका, त्यांना खोटा वाटेल. सोमवारी मी एका आजोबांना स्वतःच्या हाताने पहिली गोळी दिली, ती कशाची ते आधी नीट सांगून, आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन पोटभर रडले. आई, नोंदणी माझ्या नावावर आहे, पण कमाई तुमच्या तोंडाची आहे. तुमचे किती आभार मानू ते मला खरंच कळत नाही.

चिमणीला पापा, तुमच्या चिरंजीवांना तुम्हाला योग्य वाटेल ते.

तुमची,
हल्ली फार बोलणारी सून

ता. क. खोलीतल्या मैत्रिणीने दुसरी जागा शोधली. मी आता कपडे वाळत घालतानाही ते सांगत असते, आणि ते तिच्याने ऐकवत नाही.

आणखी एक ता. क. सोबत घरच्यांसाठी तीन अर्ज आहेत. दोन बापलेकींचे. हे एवढं लांबण लावलं ते खरं तर तिसऱ्यासाठी, तो तुमचा. तुम्ही यायला नाही म्हणालात असं कळलं. तिकडे मी बोलू कुणाशी, असं विचारलंत म्हणे. आई, माझ्याशी. अकरा वर्षं तुम्ही एकट्याच बोलत होतात, माझी सगळी उत्तरं द्यायची राहिलीत. फुली केलीय तिथे सही करा आणि या.