बत्तीस नंबरची सही

रिब्नित्सा,
११ मार्च २०२५

लाडके लिदा,

तुला मायेचा पापा. ग्रिगोरेलाही नमस्कार सांग, मनापासून सांगते आहे. तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. रागावली असशील तर रागाव, पण पत्र फाडायचं तर शेवटपर्यंत वाचून मग फाड.

इकडे तसं बरं आहे. रेडिएटर कोमट असतात, जिन्यात दिवे असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्योदोरकाकांनी जानेवारीत गॅस नव्हता तेव्हा बाल्कनीत विटांची चूल रचली होती, ती अजून मोडलेली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "झिना, ही मोठी माणसं परत भांडणार. तेव्हा विटा काय तू आणून देणार आहेस?" हसले मी. बऱ्याच दिवसांनी हसले.

परवा आई गेल्याचा चाळिसावा दिवस. तिच्या नावाने वाटायला गहू आणलेत, उद्या भिजवीन. मध मात्र तुझ्याकडचाच हवा, नदीच्या आपल्या बाजूच्या मधात साखर असते असं ती म्हणायची.

जानेवारीत आमच्याकडे अंधार झाला की नदीपलीकडचे तुमचे दिवे फार स्पष्ट दिसायचे. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत बसायची. "ते बघ, डावीकडची इमारत, खालून दुसरा. लिदाचा." मी म्हणायचे, "इतक्या लांबून तुला काय कळतंय?" तर म्हणायची, "माझी पोर दिवा लावून झोपते. मला नको शिकवूस."

आता ते लिहिते, जे तू मला विचारलंस आणि मी टाळलं.

नवीन वर्षाच्या दिवशी आमच्या बाजूचा गॅस गेला, त्याच दिवशी ग्रिगोरे फोनवर म्हणाला होता, "तीस वर्षं मॉस्कोच्या फुकटच्या गॅसवर त्यांचे गोडवे गायलात. आता कुडकुडा." त्याचं खोटं नव्हतं म्हणून फार झोंबलं. कुणी कुणावर निर्बंध घातले, कुणी पाइपची वाट अडवली, कुणाची थकबाकी खरी, हे टीव्हीवर रोज सांगत होते, प्रत्येक चॅनेलवर वेगळं. मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो. आम्ही उंदीर मात्र आपसातच चावत बसलो.

महिना संपत आला तेव्हा आईने पिशवी भरली. लोकरी मोजे, औषधं, बाबांचा फोटो. म्हणाली, "मला लिदाकडे सोड. पूल ओलांडला की झालं."

मी म्हटलं, "जा ना! जावयाच्या पाया पड, म्हणावं, गारठलो, घरात घ्या."

"त्याच्या नाही, माझ्या लेकीच्या घरी चाललेय."

"मग एकटी जा."

ब्याऐंशी वर्षांची बाई, बर्फातून एकटी कशी जाणार होती? वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी, लिदा. तिने वर जाऊन दार लावून घेतलं. मी दुसऱ्या मजल्यावर, ती चौथ्या. त्यानंतर चार दिवस मी तिच्या घरात पाऊल टाकलं नाही.

त्याच चार दिवसांत गॅसवाल्यांकडून यादी आली. या जिन्यावरच्या सगळ्या घरांची प्रमुख मी, म्हणून माझ्याच हातात दिली. गॅस परत सोडणार आहेत, तेव्हा प्रत्येक घरात जाऊन शेगडीच्या आणि भिंतीवरच्या तोट्या बंद आहेत ना ते स्वतः बघायचं आणि घरातल्या माणसाची सही घ्यायची. मी वीस दारं वाजवली. फ्योदोरकाकांच्या घरी तर शेगडीखाली वाकून पाहिलं. मग आईच्या, बत्तीस नंबरच्या दारासमोर गेले. हात उचलला. आत तिचा रेडिओ चालू होता. वाटलं, आता आत गेले की मलाच आधी बोलावं लागेल.

खाली आले आणि आईची सही मीच केली. तिच्यासारखी, शेवटचं अक्षर खाली ओढून.

तिची शेगडी तुला आठवते. एक बर्नर कायम पेटलेला, दिवसरात्र. "काडेपेटीला पैसे पडतात, गॅसला कोण विचारतं?" तू आणि मी त्याच आचेवर केस वाळवून शाळेत गेलो. या गावात घरोघरी हेच होतं, म्हणून तर ती यादी काढली होती. गॅस गेला, आच विझली, आणि आईने तोटी तशीच ठेवली. मी तेव्हा म्हटलं होतं, बंद कर. "असू दे, आला की कळेल." कशावरून कळणार होतं? त्या मोठ्या साथीत तापली तेव्हापासून तिला वास येत नव्हता. हे मला माहीत होतं. खिडकीच्या फटींवर साबण लावून कागदाच्या पट्ट्या मीच चिकटवल्या होत्या. थंडीमुळे ती स्वयंपाकघरातच खाट टाकून झोपायची.

दोन फेब्रुवारीला सकाळी जिन्यात आरडाओरडा झाला, "आला! आला!" लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी शेगडी पेटवली, चहा केला, आणि म्हटलं, आता हाच चहा घेऊन वर जाते, भांडण संपलं. चौथ्या मजल्यावर पोचले आणि वास आला. पाइपात गॅस रात्रीच आला होता, हे नंतर कळलं.

फ्योदोरकाकांनी खांद्याने दार उघडलं. बर्नर उघडा होता, सोबत ओव्हनही. ऊब यावी म्हणून तीही तोटी तिने आधीच फिरवून ठेवली असावी. आई कुशीवर झोपलेली होती, पिशवी उशाशी. भरलेली, लिदा. तिने ती रिकामी केलीच नव्हती.

डॉक्टर यायच्या आधी आम्ही खिडकी फोडली, तोट्या बंद केल्या. त्यांनी मृत्यूचं कारण हृदय असं लिहिलं. तू विचारलंस, "खिडकीची काच का फुटली?" मी मिठाची गुळणी धरून बसले. तू कबरीपाशी मॉस्कोला शिव्या दिल्यास, ग्रिगोरेने इथल्या सरकारला. मी मान डोलावली, कारण ते सोपं होतं. शेकडो मैलांवर कुणीतरी नळ पिळला हे खरंच आहे. पण शेवटची तोटी माझ्यापासून दोन मजल्यांवर होती, आणि ती बंद असल्याचं मी लिहून दिलं.

यादीची माझी प्रत सोबत ठेवते आहे. बत्तीस नंबरसमोरची सही बघ. तुला लगेच कळेल, तू तिची पत्रं जपून ठेवली आहेस. पोलिसांकडे न्यायची असेल तर ने. मी नाही म्हणणार नाही.

तिची पिशवी पुलापलीकडे जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तिला तुझ्याकडे यायचं होतं.

परवा टेबलावर तुझी खुर्ची ठेवीन. तू नाही आलीस तरी ठेवीन. मी खिडकीत बसते, डावीकडची इमारत, खालून दुसरा दिवा बघते. हे वाचल्यावर तो विझवलास तरी मला कळेल.

खालची सही माझी आहे, माझ्याच नावाची.

झिनाइदा