ताईच्या दारावरून

ताई,

हे पत्र पेटीत टाकायचा धीर मला व्हायचा नाही. तू अंथरुणाला खिळलेली, म्हणून भेटायला नातीची सायकल घेऊन एकटीच डोंगर चढले. काय तो सोसाट्याचा वारा! अर्धा चढ ढकलतच नेली, सुनेला सांगू नकोस. पण उताराला वारा पाठीशी आला आणि मी पोरीसारखी ओरडत सुटले गं! तुझं दार आलं तसं गेलं. ब्रेक चांगले होते, ताई. मलाच थांबायचं नव्हतं. खालून टेम्पोने घरी आले.

संध्याकाळी फोनवर तू म्हणालीस, "वादळात आली नाहीस, बरं केलंस. दुपारी कोण येडी म्हातारी बोंबलत गेली दारावरून!"

"असेल कुणीतरी," मी म्हटलं.

लाज वाटते गं. उद्या बसने येते. सायकलवर आले तर थांबेनच, असं नाही.

तुझी धाकटी