भरतपेक्षा एक परवाना जास्त

३ मार्च
समोरच्या भरतने त्याच्या गार्डन बारच्या झाडांनाही लाइटिंग केलं. लिंबाला काय दारू चढते? मला देणंघेणं नाही. सहज मोजल्या, बावीस गाड्या. माझ्या परमिट रूमपुढे दोन.
ठराव: उद्यापासून रस्त्यापलीकडे बघायचं नाही.

४ मार्च, संध्याकाळी ७
तेवीस.

६ मार्च
तपासणीचे साहेब आले. महिनाअखेर माझा परवाना रिन्यू व्हायचाय. कॅमेरा ओके, दरपत्रक ओके. रजिस्टर मात्र दिवाळीपासून कोरं. पिणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने एक दिवसाचा परवाना फाडायचा, नाव-वय लिहायचं, ही अट. आता रामदास वीस वर्षं इथं बसतो. त्याला नाव विचारायचं म्हणजे जावयाला आधार कार्ड मागण्यासारखं.
साहेब म्हणाले, बाबा, भरतचं रजिस्टर बघून या, रोज चाळीस नावं. सोमवारी येतो, नाहीतर रिन्यूअल विसरा.
भरतचं बघून या म्हणे! कालचं पोरगं.

८ मार्च
अट म्हणजे अट. रामदासला नाव विचारलं. ग्लास ठेवून उठला. म्हणाला, धर्माभाऊ, तुमी मला वळखत न्हाई व्हय? गेला भरतकडे. तिथं नाव सांगितलं म्हणे, आडनावासकट.

९ मार्च, दुपारी
डोकं चाललं. रजिस्टरला माणसं लागत नाहीत, नावं लागतात. कपाटात बायकोच्या, सरूच्या भाच्याची लग्नपत्रिका सापडली. तिच्या माहेरची, डिंगोऱ्याची अख्खी भावकी: निमंत्रक, व्यवस्थापक, मामेमंडळी. एकोणचाळीस भरली. भरतची चाळीस! पत्रिकेच्या तळाशी, 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'च्या खाली, अजून दोन नावं होती. घेतली. एकेचाळीस. वय सगळ्यांना पंचेचाळीस, भांडण नको.
आज झोप छान लागणार.

१० मार्च
साहेबांचं बोट तळाशी थांबलं. विचारलं, बाबा, हे चिरंजीव गोट्या काय घेतात?
म्हटलं, थोडीच घेतात.
तेवढ्यात सरू चहा घेऊन आली. म्हणाली, अवं सायेब, गोट्या आत्ता पयलीत गेलाय. आन् त्याखालची पिल्लू, ती तर अजून रांगती.
साहेबांनी चहा घेतला नाही. पानाचे फोटो काढले. अक्षर आवडलं असावं.

१२ मार्च
सरू बोलत नाही. परवा बोलली तेवढंच: माझं माहेर माळकरी, तुमी म्हाताऱ्यापासून रांगत्या पोरीपर्यंत समद्यांना बारमदी बशिवलं.
मेहुण्याचा फोन. उचलला नाही, रेंज नव्हती.

१७ मार्च
नोटीस. परवाना तीस दिवस निलंबित. लेखी खुलासा तीन दिवसांत द्यायचा, रिन्यूअलचा निर्णय तो बघून. यात भरतचाच हात असणार.

१९ मार्च
भरतचा हात नाही. चौकशी केली.
खुलासा लिहायला बसलो. चार कागद फाडले.

२० मार्च, सकाळी ११
भरत रस्ता ओलांडून आला. पेन घेऊन. म्हणाला, काका, मुदत आजच हाय, द्या इकडं. तारीख, विषय, महोदय, सगळं भराभर लिहिलं. मग थांबला. म्हणाला, काका, खरं सांगा, असं का केलंत? कारण काय लिवू?
म्हटलं, लिही. तुझा हेवा.
तो हसला नाही. म्हणाला, सरकारला ते चालत न्हाई, काका. 'वयोमानामुळे' लिवतो.
सही केली.