चिडलेला ग्राहक आणि पर्याय ‘ब’

१ सप्टेंबर २०१६
आदिलाबादचे चार जिल्हे होणार. त्याबरोबर आमच्या बँकेच्या माणसांचीही वाटणी. बेज्जूरला जंगलात नवीन शाखा निघतेय, एका माणसाची. कोण जाणार ते म्हणे टेस्टवर ठरणार. ‘अशा वेळी तुम्ही काय कराल?’ असले प्रश्न. नापास होणारा बेज्जूरला, हे उघडच आहे. मी घाबरलो नाही. फक्त जेवण गेलं नाही.

७ सप्टेंबर
प्रॅक्टिस सुरू. बायकोनं, चारुशीलेनं विचारलं, चिडलेला ग्राहक काउंटरवर हात आपटतो, काय कराल? म्हटलं, बसवीन, पाणी देईन, शांतपणे ऐकून घेईन. ती हसली. म्हणे, मग तामसी गावच्या त्या बाई बँकेत ओरडल्या तेव्हा तुमी रेकॉर्ड रूममदी काऊन लपले होते?
लपलो नव्हतो. फायली पाहून राह्यलो होतो. लाइट न लावता.

१८ सप्टेंबर
टेस्ट झाली. चिडलेल्या ग्राहकाला धडाधड पर्याय ‘ब’ ठोकला: बसवा, पाणी द्या, ऐका. खूण अगदी चौकटीतच. शेजारी आमच्याच शाखेतले उद्धवराव. त्यांनी प्रत्येक प्रश्नाला ‘मॅनेजरला बोलावीन’. म्हणे, आपण खरंच तसं करतो ना. बिचारे! बेज्जूरला करमेल का त्यांना?

४ ऑक्टोबर
रिझल्ट. मी पहिला! पेढे वाटले. आता घराला रंग द्यायचा.

५ ऑक्टोबर
मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. विठ्ठलराव, एकट्यानं शाखा सांभाळेल असा खंबीर माणूस शोधायलाच ही टेस्ट होती, म्हणाले. बेज्जूर तुमचं.
उद्धवराव इथंच राहणार.
खरं सांगून टाकावं असं अगदी तोंडाशी आलं होतं. पण पेढे वाटून झाले होते.

१४ ऑक्टोबर, बेज्जूर
माठ भरला. ग्राहकासाठी खुर्ची मांडली. ‘ब’ची पूर्ण तयारी. इथं रेकॉर्ड रूम नाही. बाथरूमला आतून कडी आहे, सहज पाहिलं.

२४ ऑक्टोबर, दुपार
एटीएम कार्ड अजून आलं नाही म्हणून चंपतराव नावाच्या शेतकऱ्यानं काउंटरवर हात आपटला. अक्षर वाकडं येतंय, मांडीवर डायरी ठेवून असंच येणार. कडी नीट लागलीय. बाहेर आवाज नाही. गेला वाटतं.
नाही गेला. दारावर हळूच टकटक.
“साहेब, भिऊ नका. बाहेर या, खुर्चीवर बसा. माठातलं पाणी आणलं तुमच्यासाठी. काय झालं ते सांगा, मी ऐकून राह्यलो.”