कापलेली अकरा पानं

४ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

सप्रेम सलाम.

पाकिटावरचं अक्षर बघून तुझ्या भुवया वर गेल्या असतील, ते मला इथून दिसतंय. हो, मीच, धाकटी. घाबरू नकोस, कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. ह्यांचा गुडघा धरलाय, पण तोंड धडधाकट आहे. वहिनीला सलाम सांग. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणे. मला परक्यांकडून कळतं. असो.

काम आहे म्हणूनच लिहितेय, उगाच आडवळणं कशाला?

चर्चच्या मंडळीचे सचिव आठवतात ना? आपण त्यांना 'घड्याळ' म्हणायचो. बाबांचा उपदेश पंधरा मिनिटांपुढे गेला की मनगट कानाशी नेऊन ते चालू आहे का बघणारे. केस पांढरे झाले, मनगट तेच आहे. परवा ते माझ्या बाइंडिंगच्या खोलीवर आले, दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेलं ओझं. व्यासपीठावरचं मोठं पवित्र शास्त्र. पाठ सुटलेली, दोरे कुजलेले, दुमडून शिवलेल्या कागदांचे अर्धे फर्मे हातात येताहेत. मी टेबलावर जागा केली.

"सगळं नको बांधूस," ते म्हणाले. "नवा करार तेवढा बांध. जुना जड पडतो, कोणी उघडतही नाही. कापडात गुंडाळून कपाटात ठेवू."

"काका, पाऊण ग्रंथ कपाटात जातो मग."

"जाऊ दे की. तारण नव्यातच आहे ना? आपल्याला तारणाशी मतलब."

माझं डोकंच फिरलं. नव्या कराराचं पहिलं पान उघडून त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "वाचा." बापाचा बाप, त्याचा बाप, प्रभूच्या बेचाळीस पिढ्यांची नावं. "रविवारी कोणा पोराने विचारलं, ही माणसं कोण, तर काय सांगायचं? कपाटात आहेत?" त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मी सोडते होय? "आणि प्रभू आपल्या गावच्या प्रार्थनामंदिरात वाचायला उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात काय होतं? यशया संदेष्ट्याची गुंडाळी. म्हणजे तुमच्या कपाटातलंच!"

"अगदी बापासारखी बोलतेस," ते हसून म्हणाले.

"बापासारखी नाही, भावासारखी," माझ्या तोंडून निसटलं. एकोणीस वर्षांत त्या माणसासमोर तुझा विषय पहिल्यांदा निघाला. त्यांनी रिकामी चादर घडी केली. मग उठताना म्हणाले, "हे बघ पोरी, तुझं काम बांधायचं. काय ठेवायचं ते मंडळीचे पंच ठरवतील. सतराला, उपासना झाल्यावर. तुला बोलायचं असेल तर ये."

तेव्हाच एक वाक्य बोलायला हवं होतं. 'मी पुस्तक कापत नाही.' बास. ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. का अडकलं ते राहू दे.

ग्रंथाचं म्हणशील तर तो कापणं सोपंही नाही. जुन्या करारातल्या शेवटच्या संदेष्ट्याची पानं आणि नव्यातली पहिली पानं एकाच फर्म्यात आहेत. एकच कागद दुमडून दोन पानं होतात, इकडचं कापलं की तिकडचं सुटतं. पण हे पंचांना सांगितलं तर म्हणतील, चिकटव. म्हणून तुझी गरज आहे. तू हिब्रू शिकलास, संदेष्टे कोळून प्यायलास. बंदिवासात रडणाऱ्या लोकांना संदेष्टा जे बोलला, ते आपल्या तारणापर्यंत कसं येतं, ते मला एका कागदावर लिहून दे. सोप्या भाषेत. घड्याळाला पंधरा मिनिटांची किल्ली आहे, लक्षात ठेव.

तुझी,
धाकटी


११ मार्च, सोमवार

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'जे लिहायचं ते एकदा लिहिलं होतं. ते बाबांनी फाडलं. पुन्हा लिहिणार नाही.' खाली सहीसुद्धा नाही.

आधी चिडले. हे म्हणाले, "भाऊ कोणाचा आहे!" मी ह्यांच्यावरही ओरडले. मग कार्ड खळीच्या भांड्याला टेकवून कामाला बसले. दिवसभर ते समोर होतं. आज ठरवलं, पुरे झालं.

दादा, तुझी पानं बाबांनी फाडली नाहीत. मी कापली.

सांगते. तुझी ती जाड वही, पाळक होण्याचं शिक्षण घेताना सहा वर्षं लिहिलेली. माझं बाइंडिंग शिकण्याचं पहिलं वर्ष होतं. तू वही माझ्याकडे दिलीस, म्हणालास, "नीट बांध, जन्मभर वापरायचीय." बाबा दुपारी कामाच्या खोलीत आले, स्टुलावर बसले आणि सहज वाचायला लागले. यशयातल्या त्या दुःख सोसणाऱ्या सेवकाच्या अध्यायावर तू लिहिलं होतंस. बाबांचं ते नेहमीचं वाक्य होतं ना, 'जुन्या करारातले लोक म्हणजे टपालवाले, पत्र आपल्या नावाचं.' त्याखाली तू लिहिलं होतंस, 'मग देवाने त्यांना नुसतं पाकीट पोचवायला रडवलं का? ज्यांना ते ऐकवलं, त्यांच्यासाठी ते खरं नसेल, तर आपल्यासाठी कसं होईल?'

बाबांचा चेहरा पडला. म्हणाले, "हे कोणाच्या हाती लागलं तर ह्याला कोणीही पाळक करणार नाही. काढ ही पानं." तुझ्यावर रागावून नाही, तुझ्या काळजीने. त्यांनी 'काढ' म्हटलं हे खरं. पण पातं माझ्या हातात होतं. मी वीस वर्षांची घोडी, नाही म्हणू शकत होते.

नाही म्हटलं नाही. आणि आता लिहितेच आहे तर सगळं लिहिते. कापताना मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं. घरात उठता बसता तुझं हिब्रू, तुझी परीक्षा, तुझा दिवा. माझ्या हाताला खळीचा वास येतो म्हणून मला ताट वेगळं सरकवायचे, आठवतं? तू हसायचास. त्या दिवशी तुझी अकरा पानं कापली आणि मनात म्हटलं, घे. प्रत्येक पानाचं जोडीचं पान सैल होत गेलं, ती पट्ट्या लावून चिकटवली. काम सफाईचं झालं होतं, हे आणखी वाईट.

तिसऱ्या दिवशी जेवताना तू वही उघडलीस. कापलेल्या कडांवरून बोट फिरवलंस आणि बाबांकडे बघितलंस. माझ्याकडे नाही. बाबा 'हिने कापली' म्हणाले असते तर संपलं असतं. ते म्हणाले, "मी काढायला लावली," आणि पुढचं ऐकायला तू थांबला नाहीस. सकाळी तुझी खोली रिकामी होती. बाबांनी मला मरेपर्यंत पुढे केलं नाही.

इथवर लिहून उठले होते. खळ ढवळली, फरशी झाडली, झाडलेलीच पुन्हा झाडली. अजून एक आहे.

बाबा जायच्या आधीच्या वर्षी एकदा माझ्याकडे आले. म्हणाले, "ती पानं आहेत का गं? त्याला पाठवावीत म्हणतो. सोबत दोन ओळी लिहीन." पानं माझ्या खणात होती, रंगीत कागदांच्या खाली. मी म्हटलं, "जाळली, बाबा. केव्हाच." कारण पानं तुझ्याकडे गेली असती तर कोणी कापली ते तुला कळलं असतं. एवढंच. बाबा "बरं" म्हणाले, चष्म्याची डबी उघडली, मिटली, आणि गेले. पानंच नाहीत तर कोणत्या तोंडाने लिहू, असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी तुला पत्र लिहिलं नाही ते माझ्यामुळे. त्यांच्या अंत्यविधीला तू आला नाहीस, तेव्हा लोक तुला नावं ठेवत होते आणि मी मान खाली घालून ऐकत होते.

पण मी 'जाळली' म्हटलं त्याच्या पुढच्याच रविवारी त्यांनी शेवटचा उपदेश केला, तो तुझा आहे. तो तुला मिळायलाच हवा. मी तिसऱ्या बाकावर होते, शब्द न् शब्द आठवतो.

म्हणाले, "मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगत आलो की ते लोक टपालवाले. मी चुकलो. पत्र आधी त्यांच्याच नावाचं होतं. घर जळालेल्या, परक्या मुलखात ओढून नेलेल्या माणसांना देवाने सांगितलं, तुमची शिक्षा भरली, घरी चला. ते त्यांच्यासाठी खरं ठरलं. त्यांच्यातलाच संदेष्टा म्हणाला, एकाच्या सोसण्याने पुष्कळांचं ओझं उतरतं. हे ज्यांनी ऐकून, जपून ठेवलं होतं, त्यांच्याच लेकरांना वधस्तंभाखाली उभं राहून ओळखता आलं, की हाच तो. आधी दिलेला शब्द देवाने पाळला, म्हणून नंतरच्या तारणावर माझा भरवसा आहे." मग थांबले. "हे मला एका विद्यार्थ्याने शिकवलं. मी त्याला ते वेळेवर सांगितलं नाही."

पस्तीस मिनिटं झाली. 'घड्याळा'चं मनगट त्या दिवशी एकदाही कानाशी गेलं नाही, मी बघत होते. चार घरं पलीकडे खणात तुझी पानं होती, आणि बाबा ती पाठ असल्यासारखे बोलत होते.

आता माझं ऐक. सतराला मी उभी राहणार आहे. 'मी पुस्तक कापत नाही' हे वाक्य मला बोलायचंय, आणि ते खोटं आहे तोवर तोंडातून निघणार नाही. म्हणून आधी सगळ्यांसमोर सांगणार, एक कापलं होतं, कोणाचं, का, आणि त्याने काय झालं. बाबांनी चूक जिथे उभं राहून कबूल केली तिथेच उभी राहून. मग ग्रंथाचं. तसा तो अख्खा शिवून झालाय, जुना नवा एकत्र, नव्या दोऱ्याने, आणि शिकंज्यात घट्ट आहे. पंचांना हवं तर आता करवत आणावी लागेल.

तुझी अकरा पानं सोबत पाठवतेय. काल पहिल्यांदा पुरती वाचली. तुझं अक्षर तेव्हाही गिचमीड होतं. वही जपून ठेवली असशील तर कापलेल्या कडा बघ. बोटभर रुंद सोडल्यात, शिकाऊ होते तरी तेवढं कळत होतं. पानं तिथे पुन्हा शिवता येतील. चिकटवणार नाही, शिवीन.

उपासना दहाला सुरू होते. सेवकाचा तो अध्याय तू वाचावास म्हणून ग्रंथात फीत तिथेच घातली आहे. आलास तर तिसऱ्या बाकावर जागा धरलेली असेल. नाही आलास तरी मी बोलणारच.

माफी मागत नाही, कारण ती टपालाने मागायची गोष्ट नाही. तोंडावर मागेन. तू रविवारी आला नाहीस तर मी सोमवारी सकाळच्या गाडीने तिकडे येते. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. दिवसभर एका जागी बसायची मला सवय आहे. वहिनी आत घेईल, तिला मी ओळखते, पण मी तू म्हणेपर्यंत उठणार नाही.

बाबांवरचा राग तेवढा सोड. तो माझ्या नावाचा आहे.

पानं जिने कापली ती,
तुझी धाकटी