सिंगापूरला जाताना आठ तास, येताना तीन

खडकी, ५ नोव्हेंबर २००३

आदरणीय महिपतराव यांस कचरूचा सप्रेम जयभीम. आपला गुडघा आता जिना चढू देतो हे ऐकून बरं वाटलं. वहिनींनाही जयभीम. तुमची बहीण हिरा ठणठणीत आहे, आणि तीच या पत्राची अडचण आहे.

आमची चैताली सिंगापुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, हे आपण नांदेडभर सांगितलंच आहे. तिला बाळंतपणासाठी पंचवीस तारीख दिली आहे, म्हणून तिने आम्हा दोघांची तिकिटं पाठवली. चौतीस वर्षं कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरीची कार्डं तपासलेला माणूस मी. आत किती वाजता, बाहेर किती वाजता, हेच आधी पाहणार. जाताना मुंबई सकाळी दहा, सिंगापूर संध्याकाळी सहा, म्हणजे आठ तास. येताना तिथून संध्याकाळी सात, मुंबई रात्री दहा, म्हणजे तीन! अंतर दोन्हीकडून तेच, एकोणचाळीसशे किलोमीटरच्या आसपास (नकाशावर दोऱ्याने मोजलं, दोरा हिराच्या शिवणाच्या डब्यातला, त्यावरून वेगळं ऐकून घेतलं). मग जाताना विमान पाच तास कुठे रेंगाळतं? आमच्याकडे पाच मिनिटांच्या उशिराला लेखी खुलासा लागायचा.

अर्ज लिहून कोथरूडच्या एका तिकिटवाल्याकडे नेला. तिथल्या मुलीने तो आत नेला, आतून बराच वेळ हसण्याचा आवाज आला. बाहेर येऊन म्हणाली, "काका, विमान वेळेवर जातं. तुम्ही वेळेवर या म्हणजे झालं." शेजारच्या युसूफभाईंनी मात्र प्रकरण गांभीर्याने घेतलं. त्यांचा सल्ला असा की जातानाही येतानाचंच विमान धरावं. मला तो पटला (आता लिहिताना लाज वाटते). शेवटी चैतालीनेच फोनवर सांगितलं, तिकडचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं. कुठूनही निघा, साडेपाचच तास. म्हणजे तुम्ही एसटीने नांदेडहून इथे येता, त्याच्या निम्म्या वेळात!

पण तोवर हिरा अडून बसली होती, आठ तास अधांतरी बसणं जमायचं नाही म्हणून. खुलासा केला तर म्हणते, "आधी आठ, मग तीन, आता साडेपाच. भाजीवालासुद्धा एवढं वर-खाली करत नाही." विमान चौदा तारखेला आहे. जावई भला माणूस, पण अशा वेळी आई ती आई. पोर रोज विचारते, आई निघतेय ना? आणि मी तिला इथली थंडी सांगत बसतो. फार वाईट वाटतं. आपण थोरले भाऊ, चार ओळी लिहून हिराला समजवा. माझं नाव नको.

आपला,
कचरू

ता. क. पत्र टेबलावर राहिलं आणि हिराने वाचलं. म्हणते, आठ असोत की अठरा, तिची बॅग सोमवारपासून भरलेली आहे. पलंगाखाली पाहिलं, खरंच आहे; वर डिंकाचे लाडूही. ती अडून बसली ती माझ्यासाठी, "मला भीती वाटते" हे मला म्हणावं लागू नये म्हणून. खरं आहे, महिपतराव. तिकीट आल्यापासून अन्न गोड लागत नाही. पोरीला डोळे भरून पाहायचंय हो, पण वरून विमानाचा आवाज आला तरी मी घरात शिरतो.

आणखी एक. आता पत्र लिहू नका, तेरा तारखेला स्वतःच या. मला मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवा, आणि वाटेत लोणावळ्याला चिक्की घ्यायला उतरतो म्हणालो, तर उतरू देऊ नका.